अंगाची खाज, ट्यूबचे औषध आणि खाण्याचे पथ्य

वसई-विरार पट्ट्यात पावसाळा लागला की अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. लोकलच्या गर्दीतला घाम, अंगावरच वाळणारे ओले कपडे, दमट चाळी, एकाच दोरीवर वाळत घातलेले साऱ्या घराचे टॉवेल आणि सखल भागात साचणारे पाणी ही त्यामागची कारणे आपण जाणतोच. ९ व १० जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपारा व वसईच्या कितीतरी वस्त्या पाण्यात होत्या, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. अशा दिवसांत कातडीचे विकार वाढणे स्वाभाविक आहे.

पण खाज सुटली की आपण काय करतो? बहुधा दोन गोष्टी. पहिली, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणतो. दुसरी, घरातील वडीलधारी मंडळी सांगतील तो पदार्थ ताटातून काढून टाकतो : वांगे बंद, अंडे बंद, मासळी बंद, आंबट बंद. पहिल्या गोष्टीने रोग दबतो पण बरा होत नाही. दुसऱ्या गोष्टीने रोगाला काहीच होत नाही, मात्र घरातील मुलाबाळांचे पोषण कमी होते. म्हणून या दोन्ही गोष्टींची थोडी शास्त्रीय माहिती वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. आमचे सांगणे एका वाक्यात असे आहे : आधी रोग ओळखावा, मग मलम लावावे, आधी खात्री करावी, मग पथ्य पाळावे.

खाज हा रोग नव्हे, लक्षण आहे

ताप जसा अनेक आजारांत येतो, तशी खाजही अनेक विकारांत येते. आपल्या वस्त्यांत सर्वसाधारणपणे आढळणारे विकार पाच-सहाच आहेत.

नायटा किंवा गजकर्ण हा बुरशीमुळे होतो. जांघेत, काखेत, कमरेला, स्तनांखाली गोल चट्टा उठतो. त्याची कड लालसर व उंच असते आणि मधला भाग थोडा स्वच्छ दिसतो. रक्त बिघडल्याने नायटा होतो ही समजूत चुकीची आहे. तो बाहेरून लागतो आणि एकाचा दुसऱ्याला होतो.

खरूज अगदी बारीक किड्यामुळे होते. हा किडा कातडीत बीळ करून राहतो. खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ येते आणि घरातील दोघा-तिघांना एकदम त्रास होतो. रात्रीची खाज आणि घरात अनेकांना खाज या दोन खुणा लक्षात ठेवाव्यात.

इसब हा संसर्गजन्य नाही. काही मुलांची कातडी जन्मतः कोरडी व नाजूक असते. त्यांना कोपराच्या व गुडघ्याच्या खोबणीत वारंवार इसब होतो. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींच्या हातांना साबणाच्या पावडरीने होतो, तर बांधकामावरील कामगारांना सिमेंटने होतो. कपाळावरच्या चिकट टिकलीने, नकली दागिन्यांतील निकेल धातूने आणि केसांच्या काळ्या रंगानेही होतो. येथे कारण दूर केल्याशिवाय कोणतेही औषध टिकत नाही.

अंगावर पित्त उठणे, म्हणजे गांधी येणे, हा आणखी एक प्रकार. लालसर उंचवटे एकाएकी येतात आणि बहुधा चोवीस तासांच्या आत त्या जागेवरून नाहीसे होऊन दुसरीकडे उठतात. आपल्याकडे यावर आमसूल चोळण्याची जुनी पद्धत आहे. त्याने थोडे गार वाटते, पण पित्त उठण्याचे कारण त्याने जात नाही.

शेवटी एक चट्टा असा आहे की जो खाजत नाही, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. फिकट किंवा लालसर चट्टा, आणि त्यावर स्पर्श, गरम-गार किंवा टोचलेले कळत नाही, तर तो कुष्ठरोग असू शकतो. पालघर जिल्ह्यात असे रुग्ण आजही सापडतात. यात घाबरण्यासारखे वा लपवण्यासारखे काही नाही. बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो आणि ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. उशीर झाला तर मात्र हातापायांच्या नसा कायमच्या अधू होतात.

एवढे वेगवेगळे विकार असताना "खाजेची एकच ट्यूब" सर्वांना कशी चालेल?

दोन दिवसांत गुण देणारी ट्यूब

मेडिकलमध्ये मागितल्यावर पुष्कळदा जी ट्यूब हाती पडते, तिच्यात तीन औषधे एकत्र असतात : एक बुरशीवरचे, एक जंतूंवरचे आणि एक स्टेरॉईड. स्टेरॉईडचे काम कातडीची लाली, सूज व खाज दडपून टाकणे हे आहे. म्हणून ट्यूब लावल्यावर दोन दिवसांत आराम पडतो आणि "औषध जबरदस्त आहे" असे आपण शेजाऱ्यालाही सांगतो. पण लाली आणि खाज म्हणजे बुरशीशी लढणाऱ्या शरीराची हालचाल. लढणारेच झोपवले की बुरशीला रान मोकळे मिळते. चट्ट्याची कड पुसट होते, तो वरवर बरा दिसतो आणि आतून पसरत राहतो. ट्यूब बंद केली की दुप्पट खाज येते. मग पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा खाज. हे चक्र महिनोन्महिने चालते.

दरम्यान कातडी पातळ होते. जांघेत व काखेत भेगांसारखे लांबट पट्टे उठतात आणि ते पुढे जात नाहीत. चेहऱ्यावर लावले तर मुरुम येतात, बारीक लाल शिरा दिसू लागतात, नको तेथे केस उगवतात आणि उन्हात गेले की चेहरा भाजल्यासारखा होतो. लहान मुलांत तर हे औषध कातडीतून रक्तात जाऊन वाढीवरही परिणाम करू शकते.

गोरेपणासाठी म्हणून असे मलम चेहऱ्याला चोपडणारे तरुण-तरुणी थोडे नाहीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील १२ त्वचारोग केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉईड लावत होते. निम्म्याहून अधिक जणांना ते लावण्याचा सल्ला डॉक्टरांनी नव्हे, तर मित्र, नातेवाईक, दुकानदार अशा इतरांनी दिला होता. सावळा रंग हा रोग नाही. त्यावर उपचार शोधायला निघालेला माणूस मात्र खरा रोग विकत घेऊन येतो, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

या गैरवापराविरुद्ध त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने बरीच वर्षे आवाज उठवला. त्यानंतर २०१८ साली केंद्र शासनाने १४ स्टेरॉईड औषधांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी अधिसूचना काढली. कायदा आहे, पण काउंटरवर तो पाळला जाणे हे दुकानदाराइतकेच आपल्यावरही अवलंबून आहे. आपण चिठ्ठीशिवाय मागायचे नाही, हे आपल्या हातात आहे. घरात आधीच पडलेली ट्यूब असेल तर तिच्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले तर ते स्टेरॉईड आहे असे समजावे आणि आपल्या मनाने लावू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्टेरॉईड हे विष नव्हे. इसबासारख्या विकारात डॉक्टर ते योग्य ताकदीचे, योग्य जागी, ठरावीक दिवसांसाठी देतात, तेव्हा ते फार उपयोगी पडते. "स्टेरॉईड आहे" एवढ्या धास्तीने मुलाचा इसब चिघळू देणेही चूकच. तसेच अनेक महिने लावलेली ट्यूब बंद कशी करावी, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

हट्टी झालेला नायटा

पूर्वी नायटा दोन-तीन आठवड्यांत जात असे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र देशभर तो हट्टी झाला आहे, मोठमोठे चट्टे येतात आणि घरेच्या घरे बाधित होतात. २०२० साली जपानमधील संशोधकांनी भारत व नेपाळमधील रुग्णांत सापडलेल्या अशा बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. नावातच आपल्या देशाचा उल्लेख आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ही बुरशी पुष्कळदा दाद देत नाही. २०२३ साली तिचे रुग्ण अमेरिकेतही नोंदले गेले. या संकटाला स्टेरॉईड मिसळलेल्या ट्यूबा आणि अर्धवट सोडलेले उपचार यांनी मोठा हातभार लावला, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात.

म्हणून नायट्यासाठी पुढील नियम पाळावेत. डॉक्टरांनी दिलेले मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे चांगल्या कातडीवरही लावावे, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवावे. गोळ्या मध्येच सोडू नयेत. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असावा. आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवावेत, आणि पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. ओलसर जीन्स पुन्हा अंगात घालू नये. घरात दुसऱ्या कोणाला चट्टा असेल तर त्याचेही औषध त्याच वेळी सुरू करावे, नाहीतर रोग घरातल्या घरात फिरत राहतो.

मलम लावण्याची रीत

औषध बरोबर असूनही रीत चुकली तर गुण येत नाही. मलम किती घ्यावे याचे एक सोपे माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ निघते, ते सुमारे अर्धा ग्रॅम होते. तेवढे मलम दोन तळहातांच्या आकाराच्या जागेला पुरते.

खरजेसाठी बहुधा परमेथ्रिन हे मलम दिले जाते. ते जेथे खाजते तेवढ्याच ठिकाणी न लावता मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत व नखांखाली लावायचे, आठ ते बारा तास ठेवायचे आणि मग आंघोळ करायची. एका आठवड्याने पुन्हा तसेच करायचे. तान्ह्या मुलांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी डॉक्टरांना विचारावे. खाज असो वा नसो, घरातील सर्वांनी एकाच दिवशी लावणे हे यातले मर्म आहे. चादरी व कपडे त्याच दिवशी गरम पाण्यात धुवावेत. किडा मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. म्हणून "औषध लागू पडले नाही" असे समजून पुन्हा पुन्हा लावत बसू नये.

इसबाच्या कोरड्या कातडीला सर्वांत महत्त्वाचा उपचार म्हणजे ओलावा टिकवणे. आंघोळ कोमट पाण्याने व थोडक्यात करावी. अंग टिपून घेतल्यावर लगेच, कातडी किंचित ओली असतानाच, साधे खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. जंतुनाशक द्रव पाण्यात टाकून रोज आंघोळ केल्याने इसब वाढतो, कमी होत नाही. पित्ताची सेटिरिझिनसारखी गोळी घेतल्यावर काहींना झोप येते. रिक्षा चालवणाऱ्यांनी व कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्यांनी याचे भान ठेवावे.

खाण्याने खाज येते काय?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. खाण्यामुळे होणाऱ्या त्रासाला आपण सरसकट "ॲलर्जी" म्हणतो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे वागणे वेगळे आहे.

पहिली खरी ॲलर्जी. यात शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या अन्नातील प्रथिनाला शत्रू समजते. त्रास बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत सुरू होतो आणि तो पदार्थ खाल्ला की दर वेळी होतो. अंगावर गांधी, ओठ व डोळे सुजणे, उलटी ही लक्षणे असतात. थोडासा घासही पुरतो. आपल्या किनाऱ्यावर कोळंबी-चिंबोरीची ॲलर्जी ओळखीची आहे. ज्यांना कोळंबीने त्रास होतो, त्यांनी जवळाही टाळावा, कारण जवळा म्हणजे कोळंबीच्याच कुळातील बारीक जीव. शिजवल्याने वा वाळवल्याने त्यातील ॲलर्जीकारक प्रथिन नष्ट होत नाही. सुका जवळा घातलेल्या चटणीनेही त्रास होऊ शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे न पचणे. यात संरक्षक यंत्रणेचा संबंध नसतो. उत्तम उदाहरण दुधाचे. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारा पाचक रस लहानपणानंतर जगातील बहुसंख्य माणसांत कमी होत जातो. अशा माणसाला पेलाभर दूध प्यायल्यावर पोट फुगते, गुरगुरते, जुलाब होतात. पण त्याच माणसाला चहातले दूध, दही, ताक सहसा चालते. हा त्रास पोटाचा आहे. त्याने कातडीला खाज सुटत नाही. म्हणून "दूध पचत नाही, तेव्हा नायटाही दुधामुळेच" हा हिशेब चुकीचा आहे.

तिसरी गोष्ट आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाची आहे : मासळी बिघडणे. बांगडा, कुपा, सुरमई असे मासे पकडल्यानंतर बर्फाशिवाय राहिले, तर त्यांत जंतूंमुळे हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. पित्त उठताना शरीरात जे रसायन सुटते तेच हे. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर गांधी येतात, कधी जुलाब होतात. आपल्याला वाटते बांगड्याची ॲलर्जी झाली आणि जन्मभरासाठी बांगडा बंद होतो. खरे तर दोष माशाचा नसून तो तापत राहिल्याचा असतो. कितीही शिजवले, तळले तरी हिस्टामिन जात नाही. अर्नाळा असो, पाचूबंदर असो वा स्टेशनबाहेरचा बाजार, बांगडा बर्फावरचाच घ्यावा, घरी आणल्यावर ताबडतोब साफ करून शिजवावा किंवा फ्रीजमध्ये ठेवावा. एकाच माशाने घरातील दोघा-तिघांना एकदम त्रास झाला, तर ॲलर्जीपेक्षा बिघडलेल्या मासळीचाच संशय घ्यावा.

याशिवाय गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सिलिॲक नावाचा आजार आहे. त्यात जुलाब, रक्त कमी होणे, मुलांची वाढ खुंटणे ही लक्षणे दिसतात आणि क्वचित कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोडही येतात. तशी शंका आल्यास आधी रक्ताची तपासणी करावी. तपासणीपूर्वीच पोळी बंद केली तर निदान चुकू शकते.

रक्ताचा रिपोर्ट आणि ताटाचा रिपोर्ट

हल्ली शंभर-दोनशे पदार्थांची एकत्र ॲलर्जी तपासणी करून देण्याच्या जाहिराती दिसतात. कर्नाटकात बंगळूर व म्हैसूर येथील प्रौढांची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत २४ अन्नपदार्थांपैकी कशाविरुद्ध तरी रक्तात प्रतिक्रिया दाखवणारे लोक २६.५ टक्के निघाले. पण तो पदार्थ खाऊन खरोखर त्रास होण्याचा संभव असलेले केवळ १.२ टक्के होते. म्हणजे रिपोर्टमध्ये "पॉझिटिव्ह" लिहिले म्हणून तो पदार्थ सोडलाच पाहिजे असे नाही. आयजीजी नावाच्या तपासणीला तर अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानात काहीच स्थान नाही, असे युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच सांगितले आहे. ती तपासणी आपण काय खातो एवढेच दाखवते, आणि ते आपल्याला आधीच ठाऊक असते.

त्यापेक्षा एक साधी वही ठेवावी. काय खाल्ले, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, त्या दिवशी कोणती गोळी घेतली होती, हे तीन-चार आठवडे लिहावे. अंगदुखीच्या गोळ्यांनीही अनेकांना पित्त उठते आणि दोष मात्र वांग्यावर येतो. सहा आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज पित्त उठत असेल, तर त्याचे कारण अन्न असणे फारच विरळ असते. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की निदान निम्मे सोपे होते.

चुकीच्या पथ्याची किंमत

माशावर दूध प्यायल्याने कोड फुटते, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. तिला शास्त्रीय आधार नाही. कोडात शरीराची संरक्षक यंत्रणाच रंग तयार करणाऱ्या पेशींवर हल्ला करते. कोड संसर्गजन्य नाही आणि कोणत्याही खाण्याची ती शिक्षा नाही. बुरशी व खरजेचा किडा यांनाही आपल्या ताटात काय आहे याच्याशी काही देणेघेणे नाही.

पण पथ्याची किंमत मोजावी लागते. मुलाच्या इसबासाठी अंडे, दूध, शेंगदाणे, मासळी एकदम बंद केली, तर गरीब घरात त्या मुलाला प्रथिने मिळणार कोठून? बाळंतिणीला डाळ-भाजीही वर्ज्य करणारी घरे आम्ही पाहिली आहेत. इसबाच्या काही मुलांना अन्नाची खरी ॲलर्जी असते हे खरे, पण ती कोणती हे डॉक्टरांनी ठरवावे आणि सोडलेल्या पदार्थाऐवजी काय द्यायचे हेही त्यांनीच सांगावे. उलट इंग्लंडमध्ये झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ६४० बाळांच्या अभ्यासात असे दिसले, की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणे खाऊ घालणे सुरू केले, तर पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी पुष्कळ कमी होते. अर्थात बाळाला अख्खा दाणा कधीही देऊ नये, तो घशात अडकतो. बारीक कूट पातळ करूनच द्यावे, आणि इसब जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

केव्हा धावत जावे

खाल्ल्यानंतर, गोळी घेतल्यानंतर किंवा गांधीलमाशी चावल्यानंतर गांधी उठण्याबरोबर श्वास लागणे, आवाज बसणे, जीभ किंवा घसा सुजणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाले, तर आमसूल शोधत बसू नये. रुग्णाला आडवे निजवावे, श्वास लागत असेल तर टेकवून बसवावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात न्यावे. अशा वेळी मांडीत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन जीव वाचवते. नुसत्या पित्ताच्या गोळीवर विसंबू नये.

इतर तक्रारींसाठी प्रथम महानगरपालिकेच्या दवाखान्यात दाखवावे. दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. खासगी खर्च झेपत नसेल, तर विरार लोकलने मुंबई सेंट्रलला उतरून नायर रुग्णालय गाठता येते. केईएम व सायन येथेही त्वचारोग विभाग आहेत. एक दिवसाचा रोज बुडेल हे आम्हाला कळते. पण महिनोन्महिने ट्यूबांवर होणारा खर्च, रात्रीची मोडलेली झोप आणि कातडीचे कायमचे नुकसान यांचा हिशेब मांडला, तर तो एक दिवस स्वस्तच पडतो. जाताना आतापर्यंत लावलेल्या सर्व ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्याव्यात.

आपल्या वस्तीतील प्रत्येक घराने एवढे तीन नियम पाळावेत, अशी आमची नम्र विनंती आहे. चिठ्ठीशिवाय खाजेची ट्यूब घेऊ नये आणि आपली ट्यूब दुसऱ्याला देऊ नये. औषध पूर्ण मुदतीपर्यंत, घरातील सर्व बाधितांनी एकाच वेळी घ्यावे. आणि खात्री झाल्याशिवाय मुलाच्या ताटातील अंडे, मासळी वा दूध काढून घेऊ नये.